वेळ असल्यास

सहलीचा आराखडा हा निर्जीव कागद नसतो. कोणत्या स्थळी किती तास थांबावयाचे, कोणते नाव ठळक अक्षरांत लिहावयाचे आणि कोणते कंसात टाकावयाचे, यावरून आयोजकांच्या मनातील उतरंड स्पष्ट दिसते. बिलोली, देगलूर, धर्माबाद या परिसरातील आम्हा कॅथलिक कुटुंबांत सध्या असाच एक आराखडा हातोहात फिरत आहे. 'बायबलची मुळे : यहुदी वारसा दर्शन' असे त्याचे भारदस्त शीर्षक आहे. मुंबई, अलिबाग, रेवदंडा, पुणे असा चार दिवसांचा प्रवास, सोबत माहिती सांगणारा वाटाड्या, दोन वेळचे भोजन. पवित्र भूमीची यात्रा आपल्यापैकी बहुतेकांच्या ऐपतीपलीकडची आहे. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातील यहुदी समाजाकडे कोणाचे लक्ष गेले असेल, तर ती आनंदाचीच गोष्ट होय.

परंतु दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात लिहिले आहे : 'अलिबाग – समुद्रकिनारा, कुलाबा किल्ला, भोजन, यहुदी प्रार्थनालय (वेळ असल्यास).' ज्या समाजाच्या नावाने सहल काढावयाची, तोच समाज कंसात! किल्ल्यासाठी ओहोटीची वेळ पाहिली आहे. माणसांची वेळ मात्र कोणी विचारलेली नाही. सहल शुक्रवारी रात्री निघून मंगळवारी परतणार आहे. म्हणजे मुंबईतील प्रार्थनालये पाहण्याचा दिवस नेमका शनिवार! यहुदी वारसा पाहावयास निघालेल्या ख्रिस्ती मंडळींना शब्बाथ आठवू नये, यापरते दुर्दैव कोणते?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. बेने इस्राएल समाज हे आपल्या जुन्या कराराचे चित्रमय परिशिष्ट नव्हे. तो मराठी बोलणारा, मराठी गावांची आडनावे लावणारा, आपल्यासारखाच अल्पसंख्य समाज आहे. त्याच्याकडे शेजारी म्हणून, त्याच्या सोयीने आणि आपल्या पूर्वेतिहासाचा हिशेब सोबत घेऊन जावयाचे असेल, तर ही सहल जरूर काढावी. अन्यथा अलिबागला समुद्र पाहावा, नारळपाणी प्यावे आणि शीर्षकातून यहुद्यांचे नाव काढून टाकावे.

हा समाज कोण, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यांच्या परंपरेनुसार फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकण किनाऱ्यावर अलिबागजवळच्या नवगावापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना तेथेच मूठमाती देण्यात आली. हे केव्हा घडले, यावर विद्वानांचे एकमत नाही. परंतु पुढची गोष्ट निर्विवाद आहे. ग्रंथ नाहीत, धर्मगुरू नाहीत, हिब्रू भाषा विसरलेली, अशा स्थितीत पिढ्यान्पिढ्या त्यांनी सुंता, शब्बाथ, आहाराचे नियम आणि 'शमा इस्राएल' ही प्रार्थना टिकविली. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आपल्या आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून पाहा, म्हणजे या नावातील किंमत कळेल. परमेश्वराचा दिवस पवित्र पाळ, ही आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. त्यांनी ती पोटाला चिमटा घेऊन पाळली.

त्यांचे मराठीपण हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या आवृत्तीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया मराठी वेषात आहेत. आपल्या प्रभूने शेवटचे भोजन ज्या सणाच्या निमित्ताने घेतले, तो सण मराठी घरात मराठीतून साजरा होत आला आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? १८८० च्या सुमारास तर त्यांनी कीर्तनाची मराठी परंपराच उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीच्या चालीवर उभी केली. आपले फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराणा'च्या पहिल्या भागात हाच जुना करार मराठी ओवीत आणला होता. एकच कथा, एकच भाषा, आणि दोन समाज एकमेकांना अपरिचित! ही ओळख करून देणे हेच वारसा सहलीचे खरे काम होते. आराखड्यात तिचा मागमूस नाही.

त्याऐवजी आराखड्यासोबतच्या माहितीपत्रकात एक वाक्य आहे : 'बायबलमधील हरवलेल्या वंशाचे हे लोक प्रत्यक्ष पाहावयास मिळतील.' मला सर्वाधिक टोचले ते हे वाक्य. माणसे 'पाहावयास मिळत' नसतात. ती भेटतात, आणि तीही त्यांची इच्छा असेल तर. या वाक्यामागे एक प्रश्न दडला आहे : 'तुम्ही खरे यहुदी का? मूळचे कुठले?' वाचकहो, हा प्रश्न आपल्याला अनोळखी आहे काय? मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाला कचेरीत, शाळेत, बसमध्ये, भाड्याचे घर शोधताना हाच प्रश्न विचारला जातो. नाव मराठी, बोली मराठी, शेतात राबणारे हात याच मातीतले. तरी 'तुम्ही मूळचे कोण?' हे संपत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींना धर्माची अट लावली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांना त्या आदेशात स्थान मिळाले. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेरच आहे. त्याने जात सांगितली तर 'तू ख्रिस्ती कसला?' आणि धर्म सांगितला तर 'तुला जात कसली?' असे दुहेरी ऐकून घ्यावयाचे.

बेने इस्राएलांनीही हेच सोसले, आणि तेही स्वकीयांकडून. ते इस्राएल देशात जाऊन वसले, तेव्हा तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसंबंधी शंका काढल्या. पूर्वजांची चौकशी करावी असे निर्देश निघाले. आपण यहुदी आहोत हे सिद्ध करण्याची पाळी ज्यांनी शतकानुशतके घाणा बंद ठेवला त्यांच्यावर आली! त्यांनी जेरुसलेमच्या रस्त्यावर ठाण मांडले. १९६४ साली तेथील संसदेने त्यांची बाजू घेतली आणि ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे मान्य झाले. ज्यांनी हा लढा दिला, त्यांच्या आप्तांच्या दारात उभे राहून आपल्या वाटाड्याने पुन्हा तोच प्रश्न विचारावा काय? 'मूळचे कुठले?' याचे उत्तर त्यांच्या आडनावांतच आहे. नवगावकर नवगावचे, चेऊलकर चौलचे, रोहेकर रोह्याचे, किहीमकर किहीमचे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. झिराड हे अलिबाग तालुक्यातील गाव आहे. चित्रपटांतील डेव्हिड आपण सर्वांनी पाहिले. त्यांचे आडनाव चेऊलकर होते. इस्राएलमध्ये गेल्यावरही या समाजाने 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. मूळ आणखी कोणते शोधावयाचे?

आता हिशेबाकडे वळू. आराखड्यात तिसऱ्या दिवशी रेवदंडा आणि कोर्लई आहे, व तेथे 'पोर्तुगीज चर्चचे भव्य अवशेष' पाहावयाचे आहेत. जरूर पाहावेत. कोर्लईच्या कॅथलिक बांधवांची पोर्तुगीज वळणाची बोली ऐकावी. १७४० साली पोर्तुगीज गेले, बोली राहिली, हे नवलच आहे. परंतु यहुदी वारशाच्या सहलीत रेवदंड्याच्या तटावर उभे राहून केवळ कमानींची उंची मोजता येणार नाही. १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या धर्मन्यायासनाची, म्हणजे इन्क्विझिशनची, सत्ता चौल आणि वसईपर्यंत चालत असे. मध्यंतरीचा अल्प खंड वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. त्याचा पहिला रोख होता सक्तीने ख्रिस्ती केलेल्या आणि घरात जुना धर्म पाळल्याचा संशय असलेल्या यहुदी वंशाच्या लोकांवर.

अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य गार्सिया द ओर्ता हा अशाच घराण्यातला. भारतीय वनौषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. मेलेल्या वैद्याच्या हाडांनी ख्रिस्तसभेचे काय बिघडविले होते? आणि ज्या संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण आपण ३ डिसेंबरला भक्तिभावाने साजरा करतो, त्यांनीच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून हे न्यायासन भारतात असावे अशी मागणी केली होती. हे लिहिताना मला आनंद होत नाही. परंतु संतांचे गुण सांगावयाचे आणि त्यांच्या काळाचे दोष झाकावयाचे, ही श्रद्धा नव्हे, भीती होय.

कोणी म्हणेल, 'हा गोव्याचा इतिहास. आम्ही मराठवाड्यातले, आमच्याकडे मिशन आले ते फार उशिरा. आम्हांला काय त्याचे?' हा युक्तिवाद सोयीचा आहे, पण टिकणारा नाही. स्टीफन्स यांची ओवी आमची आणि त्याच भूमीतले न्यायासन मात्र दुसऱ्याचे, अशी वाटणी कोणत्याही घरात होत नाही. वारसा घ्यावयाचा तर कर्जासकट. स्वतः ख्रिस्तसभेने हे मान्य केले आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांविषयीचे निंदाव्यंजक विशेषण काढले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात, प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या यहुदी प्रार्थनालयात गेले आणि त्यांनी यहुद्यांना आपले थोरले बंधू म्हटले. मार्च २००० मध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीच्या फटीत क्षमायाचनेची चिठ्ठी त्यांनी स्वहस्ते ठेवली. पोप महोदय भिंतीपाशी वाकले. आपल्याला अलिबागच्या उंबरठ्यावर वाकता येऊ नये काय? शुभ शुक्रवारच्या आपल्या नाट्यप्रवेशांत यहुदी म्हणजे दात-ओठ खाणारा खलनायक, हे सोंग अजून किती वर्षे चालावयाचे, याचाही विचार सहलीआधी व्हावा.

आता आक्षेप. पहिला असा : 'प्रभू जेथे चालला ती भूमी पाहावयाची, अलिबागला काय आहे?' लूकच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडा. प्रभू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला, वाचावयास उभा राहिला आणि त्याच्या हाती यशया संदेष्ट्याची गुंडाळी देण्यात आली. अलिबागच्या इस्राएल आळीतले 'मागेन अबोथ' हे प्रार्थनालय १८४८ चे असून १९१० साली ते पुन्हा बांधले गेले. प्रभूला परिचित असलेली उपासना आपल्याला मराठी मुलखात समजून घेता येते. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाची खूण असल्याची या समाजाची श्रद्धा आहे, आणि तेथे पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा करून नवस फेडतात. कार्मेल डोंगराच्या मातेचा सण पाळणाऱ्या आपल्याला एलिया परका कसा?

दुसरा आक्षेप : 'तेथे आता माणसेच किती उरली?' १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे सव्वीस हजार यहुदी होते. २०११ साली ती संख्या पाच हजारही नव्हती. महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली, बहुतेकजण निघून गेल्यावर. परंतु संख्या कमी म्हणून वेळ कमी, हे गणित आपल्या तोंडी शोभत नाही. शंभर घरांच्या गावात आपली तीन घरे. तेथे दोन महिन्यांतून एकदा फादर येतात, तेव्हा आपण 'इतक्या थोड्यांसाठी कशाला आलात?' असे म्हणतो काय?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऑक्टोबर २०२३ मधील हत्याकांड आणि त्यानंतरचे गाझातील युद्ध यांमुळे पवित्र भूमी रक्ताने माखली. जुलै २०२५ मध्ये गाझातील पवित्र कुटुंबाच्या कॅथलिक चर्चवरही मारा होऊन तीन जण दगावले. 'अशा वेळी यहुदी वारशाची सहल म्हणजे एका पक्षाची बाजू घेणे नव्हे काय?' असे काही तरुण विचारतात. त्यांच्या मनातील वेदना मला मान्य आहे. गाझातील मृतांसाठी प्रार्थना करणे हे आपले कर्तव्यच आहे. पण एखाद्या सरकारच्या कृत्यांचा जाब नवगावच्या वृद्ध गृहस्थाला विचारावयाचा काय? पोर्तुगालच्या राजाचा जाब बिलोलीच्या शेतमजुराला विचारला, तर आपण त्याला अन्याय म्हणू. त्यांच्या वाट्याला तोच अन्याय येऊ नये. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी आणि त्यांच्या पत्नीसह सहा जणांची हत्या झाली, ती ते यहुदी होते म्हणूनच.

निव्वळ टीका करून थांबणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून आराखडा असा बदलावा. रविवारी मिस्सा झाल्यावर निघावे, धर्माबादहून रात्रीची गाडी धरावी आणि सोमवार ते गुरुवार या दिवसांत भेटी आटोपाव्यात. म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला कोणाच्या शब्बाथात आपली गर्दी नको. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील त्यांचे मोठे सण टाळावेत. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा बोटी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे. प्रत्येक प्रार्थनालयाच्या विश्वस्तांना महिनाभर आधी पत्र लिहावे, सर्वांची नावे कळवावीत, ओळखपत्रे जवळ ठेवावीत. दारावर पहारेकरी असेल. त्याने थांबविले तर रुसू नये, कारण २००८ तो विसरलेला नाही.

सोमवारी मुंबईत मशीद बंदर स्थानकावर उतरावे. तेथील सॅम्युएल स्ट्रीटवर 'शआर हाराहामीम' म्हणजे दयेचे द्वार हे प्रार्थनालय आहे. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतील बेने इस्राएल अधिकाऱ्याने १७९६ साली ते स्थापिले. बेने इस्राएल त्याला 'जुनी मशीद' म्हणत. बिलोलीच्या दगडी मशिदीच्या सावलीत वाढलेल्या आपल्याला त्या शब्दाचे कौतुक वाटावे. मंगळवार सबंध अलिबाग आणि नवगावला द्यावा, बुधवार रेवदंडा-कोर्लईला. गुरुवारी पुण्यात 'लाल देऊळ' पाहावे. ते १८६७ चे, बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधविलेले; त्यांची समाधीही तेथेच आहे. बगदादी यहुदी आणि बेने इस्राएल हे वेगळे समाज आहेत, हे तेथे समजावून सांगावे. ज्या ससून रुग्णालयाची पायरी गरिबांनी पिढ्यान्पिढ्या चढली, त्याचे नाव याच घराण्याचे.

वाटाड्या बाहेरचा नको. त्या समाजातीलच कोणी बोलावयास तयार असेल, तर त्याला योग्य मानधन द्यावे. पुरुषांनी डोके झाकावे. परवानगीवाचून छायाचित्र काढू नये. आपले डबे त्यांच्या आवारात उघडू नयेत. मलिद्याचा कार्यक्रम 'दाखवा' अशी मागणी करू नये; तो त्यांचा नवस आहे, आपला अल्पोपाहार नव्हे. पत्रके वाटणे तर सर्वस्वी वर्ज्य. यहुद्यांच्या धर्मांतरासाठी कॅथलिक ख्रिस्तसभा कोणतेही संघटित कार्य करीत नाही व त्यास पाठिंबाही देत नाही, असे व्हॅटिकनच्या डिसेंबर २०१५ च्या दस्तऐवजात नमूद आहे. निघताना प्रार्थनालयाच्या डागडुजीसाठी बसभाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी तरी रक्कम विश्वस्तांच्या हाती द्यावी. ज्यांनी दार उघडले त्यांच्या छपराची काळजी पाहुण्याने थोडी वाहावी.

आणि एक निमंत्रणही द्यावे. त्यांच्यापैकी कोणी मराठवाड्यात आले, तर आपल्या घरी उतरावे, आपले स्तोत्रगायन ऐकावे आणि आपल्यालाही प्रश्न विचारावेत. जी भेट एकाच दिशेने होते ती पाहणी. येणेजाणे झाले म्हणजेच ते शेजारपण.

आयोजक मंडळींच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांनी खपून हा कागद तयार केला आहे. म्हणूनच माझी विनंती इतकीच, की पुढील बैठकीत त्यांनी तो पुन्हा हाती घ्यावा, अलिबागच्या ओळीवर थांबावे, प्रार्थनालयाला कंसातून बाहेर काढून पहिल्या जागी आणावे आणि समुद्रकिनाऱ्यापुढे लिहावे : वेळ असल्यास.